पुन्हा पहिलीत

लिहिण्याची साधने माणसाने किती वेळा बदलली, हे आठवू गेले म्हणजे मोठी गंमत वाटते. बोरूचे टोक चाकूने नीट तासून घेणारे पणजोबा, दौतीत टाक बुडवून वहीवर शाईचे ठिपके पाडणारे आजोबा, पाटीवरचे चुकलेले अक्षर तळहाताने पुसून टाकणारे वडील आणि बॉलपेनावाचून दुसरे काही न पाहिलेला नातू, ही सारी एकाच घरातली माणसे. प्रत्येक पिढीने एक साधन सोडले आणि दुसरे हाती धरले. परंतु पूर्वी हा बदल फार सावकाश होई. एकदा बोटांना वळण लागले, की ते जन्मभर पुरत असे. आता तसे राहिलेले नाही. चाळिशी उलटलेल्या, चार माणसांत मान असलेल्या व्यक्तीलाही एखाद्या संध्याकाळी पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो; आणि अशा वेळी तिच्या मनाची जी स्थिती होते, ती पहिलीच्या वर्गात प्रथमच येऊन बसलेल्या मुलाच्या स्थितीहून फारशी वेगळी नसते.

तिसगावच्या एका बाईंना हा अनुभव आला, आणि तोही अशा विषयात, की ज्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. कारण बाई स्वतःच वीस वर्षे पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवीत आल्या होत्या.

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघाले, की वाटेत करंजीचा घाट लागतो. तो ओलांडून पुढे गेले म्हणजे तिसगाव येते. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर असे होते. गावातली वडीलधारी माणसे मात्र अजूनही सवयीने नुसते 'नगर' म्हणतात आणि ऐकणाऱ्यालाही ते पुरते. भोवतालची शेती बहुतेक कोरडवाहू. पाऊस बरा झाला तर बाजरी, तूर, कापूस पदरात पडतो. नाही झाला तर आभाळाकडे पाहत दिवस काढावे लागतात. जवळच मढीला कानिफनाथांचे स्थान आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तेथे यात्रा भरते आणि त्या यात्रेतला गाढवांचा बाजार दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. पाथर्डी तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्याबरोबर कित्येकदा त्यांची मुलेही जातात.

बाईंच्या मनाला लागलेला काटा नेमका हाच होता. दिवाळीपूर्वी 'कमळ', 'बदक' असे शब्द वाचू लागलेले मूल उसाच्या फडावरून परत येई, तेव्हा त्याची अक्षरे विसरलेली असत. काही मुलांची विसरत, काहींची विसरत नसत. असे का व्हावे? मूल वाचायला शिकते म्हणजे त्याच्या मनात काय घडते? या प्रश्नांची उत्तरे शोधावीत, म्हणून बाईंनी शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करण्याचे ठरविले. शाळा सोडून, घर सोडून पुण्याला जाऊन राहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले. "आता या वयात पुन्हा दप्तर?" असे सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण लगेच त्यांनीच संध्याकाळच्या भाकरीचे काम आपल्याकडे घेतले.

घरी बसून शिकणे ही गोष्ट तशी नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १८४० साली टपालखर्च एकदम स्वस्त झाला, तेव्हा आयझॅक पिटमन या गृहस्थाने लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी उत्तरे लिहून परत धाडीत आणि तो ती तपासून देई. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारे शिक्षण देण्यास आरंभ केला. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले आणि त्याने नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनाच गुरुजी केले. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. बाईंची पहिली पदवी याच विद्यापीठाची. त्या वेळी पुस्तके हाती मिळत, सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रावर जावे लागे आणि उत्तरे कागदावर हाताने लिहिली जात. पुढे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची वाट मोकळी केली. घरी बसून शिकणे जुनेच राहिले. मात्र पुस्तकाच्या आणि विद्यार्थ्याच्या मधे आता एक यंत्र येऊन बसले.

त्या यंत्राच्या दारावरच पहिला पहारा होता. 'परवलीचा शब्द' द्या, असे ते म्हणे. गडावर रात्री येणाऱ्याला पहारेकरी हाच शब्द विचारीत, हे बाईंनी मुलांना गोष्टींतून कितीदा सांगितले होते! पण गडाचा परवलीचा शब्द निदान सगळ्यांना एकच असे. येथे विद्यापीठाचा वेगळा, पत्रपेटीचा वेगळा, परीक्षेचा वेगळा; त्यात मोठे अक्षर हवे, अंक हवा आणि एखादे चिन्हही हवे. बाईंनी ते सारे एका वहीत लिहून ठेवले. त्यांच्या सातवीतल्या मुलीने ते पाहिले आणि ती म्हणाली, "आई, गडाची किल्ली कुणी दारालाच टांगून ठेवतं का?" वही कपाटात गेली.

मग आले तासाचे वर्ग. ते संध्याकाळी सातला भरत. खोलीत चित्र थांबून थांबून दिसे, म्हणून बाई फोन घेऊन गच्चीवर बसत. पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांनी त्यांना प्रश्न विचारला. बाईंनी मोठ्या उत्साहाने, उदाहरणे देऊन, मिनिटभर उत्तर दिले. आणि उत्तर संपल्यावर समजले, की आवाजाचे बटण बंदच होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते आठवणीने उघडले, पण बंद करायला विसरल्या. त्या दिवशी कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या वासराचे हंबरणे स्पष्टपणे ऐकले. या गोष्टींना फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. अशा चुका दोन दिवसांत सुधारतात आणि चार दिवसांनी हसण्यावारी जातात.

खरी कसोटी पुढे होती. पहिला स्वाध्याय टंकलिखित करून रविवारी रात्री बाराच्या आत पाठवायचा होता. विषय होता, वाचन शिकताना मुलांना येणाऱ्या अडचणी. बाईंनी तो हाताने लिहून काढला. अक्षर असे, की छापलेले वाटावे. ती पाने घेऊन त्या टंकलेखन करून देणाऱ्या एका दुकानात गेल्या आणि बुधवारी सुबक छापल्यासारखी फाइल घेऊन घरी आल्या. घरच्या संगणकावर ती उघडली, तो पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! सगळीकडे इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि टिंबे यांचा नुसता खच पडलेला. दुकानातल्या संगणकावर जे स्वच्छ मराठी दिसत होते, त्याचे घरी येईपर्यंत असे काय झाले?

ते समजून घेण्याजोगे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि यंत्र तो क्रमांकच साठवून ठेवते. फार दिवस हे क्रमांक मुख्यतः इंग्रजी अक्षरांनाच होते. तेव्हा मराठी छापण्यासाठी कारागिरांनी एक युक्ती काढली. आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक ठेवायचा आणि वरून त्याला देवनागरीचा पोशाख चढवायचा. नाटकात एखादा शेजारीच दाढी लावून बादशहा होतो, त्यातला हा प्रकार. ज्या संगणकात तो पोशाख असे, तेथे मराठी दिसे. जेथे तो नसे, तेथे शेजारी आपल्या मूळ रूपात उभा राही. पुढे सर्व जगातील लिप्यांसाठी युनिकोड नावाची एकच क्रमवारी ठरविण्यात आली. १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली, तीतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क'चा क्रमांक २३२५, 'ख'चा २३२६, 'ग'चा २३२७. जवळजवळ आपल्या वर्णमालेच्याच ओळीने. या क्रमांकांनी लिहिलेले मराठी तिसगावात उघडा, नाही तर टोकियोत उघडा, ते मराठीच राहते. दुकानातली फाइल मात्र जुन्या पोशाखातली होती.

हातात चार दिवस होते. बाईंचा एक पुतण्या पुण्यात संगणकाच्याच कामावर आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? पानांचे फोटो पाठवा, मी दहा मिनिटांत करून देतो. आणि आता तर नुसता प्रश्न दिला, तरी उत्तरसुद्धा यंत्रच लिहून देतं."

बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मोह लहान नव्हता. दिवसभर शाळा, संध्याकाळी वर्ग, आणि समोर न कळणारे यंत्र. पुतण्याही काही वाईट सांगत नव्हता. त्याला काकूंची दया आली होती. अखेर त्या म्हणाल्या, "त्या उत्तरात माझ्या वर्गातली पोरं कुठून येतील रे? आणि आज तू टाइप करून देशील. पुढच्या स्वाध्यायाला मी पुन्हा तुझ्याच दारात. त्यापेक्षा मराठी कुठल्या कळांवर आहे, तेवढं सांग."

पुतण्याने सांगितले. मुलीला मात्र दुसराच मार्ग ठाऊक होता. ती इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवी, आणि बहुतेक मुले आज तसेच लिहितात. तो मार्ग सोपा आहे, यात शंका नाही. परंतु 'आई' लिहिण्यासाठी आधी मनात इंग्रजी अक्षरे जुळवायची, हे बाईंना पटेना. आपल्याच घरात शेजाऱ्याच्या परसातून शिरल्यासारखे ते त्यांना वाटले. त्यांनी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी शिकायचे ठरविले. १९८० नंतरच्या दशकात ही मांडणी भारतीय भाषांसाठी आखली गेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात 'क' ज्या कळेवर आहे, त्याच कळेवर गुजराती, बंगाली आणि कन्नड यांचाही 'क' आहे.

पहिल्या रात्री सात ओळी झाल्या. वीस वर्षे फळ्यावर डोळे मिटून काढलेली अक्षरे आता एकेक करून शोधावी लागत होती. 'स' कुठे आहे? 'ळ' कुठे दडला? सापडलेले अक्षर पुढच्या शब्दात पुन्हा हरवे. मुलगी शेजारी बसून सांगे, आणि तिचा आवाज हळूहळू चढे. "अगं आई, आत्ताच तर दाखवलं ना!" बाई एकदम थबकल्या. हे वाक्य त्यांच्या चांगल्याच ओळखीचे होते. ते रोज सकाळी पहिलीच्या वर्गात कोणाच्या तोंडून निघते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

दुसऱ्या रात्री एक चमत्कार घडला. मधल्या ओळीवर उजव्या हाताच्या बोटांखाली 'प', 'क', 'त', 'च', 'ट' ही अक्षरे होती. बाईंनी ती पुटपुटून पाहिली. ही तर पाचही वर्गांची पहिली अक्षरे! त्यांच्या डोक्यावरची ओळ पाहिली, तर 'ब', 'ग', 'द', 'ज', 'ड'. त्याच वर्गांची तिसरी अक्षरे, प्रत्येक आपापल्या भावंडाच्या माथ्यावर. मग शिफ्टची कळ दाबून 'क' दाबला, तो 'ख' आला. 'ग'वर तीच कळ धरली, तो 'घ' आला. म्हणजे ज्या अक्षरात श्वास अधिक सोडावा लागतो, तेथे बोटही अधिक दाबावे लागत होते. स्वरांची बहुतेक चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. जी वर्णमाला त्या भिंतीवर टांगून वीस वर्षे मुलांकडून म्हणवून घेत होत्या, तीच त्या काळ्या कळांमध्ये घडी घालून ठेवलेली होती. त्या रात्री बाई बारा वाजेपर्यंत उठल्या नाहीत. आणि त्यांना शोधाशोध करावी लागली नाही असे नव्हे, परंतु आता कोणत्या घरात शोधायचे हे कळले होते.

वेलांटीने मात्र त्यांना पुरते हैराण केले. 'किल्ली' लिहायची, तर बाई आधी ऱ्हस्व वेलांटी देत आणि मग 'क' दाबीत. हाताने आपण तशीच लिहितो. जुन्या टंकलेखन यंत्रावरही वेलांटी आधीच उमटवावी लागे. संगणकाला ते चालेना. वेलांटी एका टिंबांच्या वर्तुळाला लटकून राही आणि 'क' एकटाच पुढे जाई. मुलगी म्हणाली, "आधी 'क' दे, मग वेलांटी." तसे केले, तो उजवीकडे दिलेली वेलांटी टुणकन उडी मारून 'क'च्या डावीकडे जाऊन बसली.

बाई कितीतरी वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिल्या. यंत्राचे चुकले नव्हते. तोंडाने 'कि' म्हणताना आधी 'क' येतो आणि मागून 'इ' येते. यंत्र कानाच्या क्रमाने चालते. हाताने लिहिताना मात्र मागून ऐकू येणारी गोष्ट आधी काढावी लागते. मोठ्या माणसांना याची इतकी सवय झालेली असते, की यात काही विलक्षण आहे हेच ध्यानात येत नाही. बाईंच्या वर्गात एक मुलगा होता. तो 'किडा' लिहिताना आधी 'क' काढी आणि मग वेलांटी त्याच्या उजवीकडे देई. दर वेळी ती दीर्घ होऊन बसे आणि दर वेळी तिच्यावर तांबडी रेघ पडे. तो मुलगा मठ्ठ आहे, असे बाईंनी त्याच्या बापाजवळ एकदा बोलूनही दाखविले होते. आता त्यांच्या लक्षात आले, की तो मुलगा नीट ऐकत होता. जसे ऐकू येई, तसेच तो लिहीत होता.

स्वाध्यायाचा तिसरा परिच्छेद बाईंनी खोडून टाकला. त्यात मुलांच्या निष्काळजीपणाविषयी बरेच काही लिहिले होते. त्याच्या जागी त्यांनी त्या मुलाच्या वेलांटीविषयी लिहिले. त्यासाठी दोन गोष्टी पडताळून पाहायच्या होत्या. पूर्वी अशा वेळी नगरला जाऊन ग्रंथालय गाठावे लागले असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आता संगणकावर कोणालाही उघडता येतो. रात्री साडेदहाला, भांडी घासून झाल्यावर, बाईंनी तो तिसगावात बसून उघडला. देवनागरी लिपीवरचा लेख त्या वाचू लागल्या आणि मुलीला झोप लागल्याचेही त्यांना कळले नाही.

रविवारी रात्री काम संपत आले, तेव्हा अकरा वाजून गेले होते. एकदा वीज गेली. पण पुतण्याने सांगितल्याप्रमाणे दर पानाला फाइल जतन करण्याची सवय बाईंनी लावून घेतली होती, म्हणून थोडक्यात निभावले. 'विद्यार्थी' हा शेवटचा शब्द. त्याला दहा कळा लागतात: व, वेलांटी, द, पाय मोडणे, य, काना, र, पुन्हा पाय मोडणे, थ आणि दीर्घ वेलांटी. बाईंनी त्या एकदाही न चुकता दाबल्या. ठरलेल्या लांबीपैकी दोन तृतीयांशच मजकूर झाला होता. तेवढाच बारा वाजायला वीस मिनिटे असताना त्यांनी पाठवून दिला.

गुण मध्यम पडले. मजकूर अपुरा असल्याची नोंद प्राध्यापकांनी केली होती, आणि ती योग्यच होती. मात्र वेलांटीच्या परिच्छेदापाशी त्यांनी विचारले होते, "हे आणखी किती मुलांत आढळते? पाहून कळवाल का?"

तेव्हापासून बाईंच्या टेबलावर एक वेगळी वही असते. मुलगा वेलांटी चुकला, की त्या तांबडी रेघ मारण्याआधी त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगतात आणि त्याने अक्षराचा कोणता भाग आधी काढला, ते वहीत लिहून ठेवतात. त्या मुलाच्या वडिलांना भेटायला त्या घरी गेल्या होत्या. पण बिऱ्हाड ऊसतोडीला निघून गेले होते आणि मुलगाही बरोबर गेला होता. दाराला कुलूप होते. तो उन्हाळ्यात परत येईल, तेव्हा त्याची वेलांटी कोणत्या बाजूला असेल, हे पाहण्यासाठी वहीतले एक पान कोरे ठेवलेले आहे.

दुसऱ्या सत्राच्या आरंभी विद्यापीठाकडून साधनांची नवी यादी आली. गोळा केलेली माहिती आता रकान्यांच्या तक्त्यात भरायची होती आणि तिची सरासरी यंत्राकडून काढून घ्यायची होती. बाईंनी मुलीला हाक मारली. मुलीने पडद्यावरच्या त्या असंख्य रिकाम्या चौकटी खालीवर करून पाहिल्या आणि मान हलविली.

"हे मलाही नाही येत, आई."

"मग सरक जरा," असे म्हणून बाईंनी दुसरी खुर्ची ओढून घेतली.